शंभर टक्क्यांचा फेटा

"किती टक्के?" बोरगावे मॅडमनी विचारलं.

"शंभर," मी म्हणालो.

"विचार करून सांग, रणधीर."

"त्यात विचार काय करायचा, मॅडम? शंभर टक्के!"

माझ्या शेजारी बसलेल्या कस्तुरी आजरेकरनं कपाळाला हात लावला. मी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांची रांग उमटली आणि मागच्या बाकांवरून आरोळी उठली, "फेटाऽऽ!"

मॅडमनी कपाट उघडलं. आतून गॅदरिंगच्या नाटकातला भडक गुलाबी, बांधून तयार असलेला फेटा काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. खरं सांगायचं तर तो माझ्याच मापाचा होऊन बसला होता. आतल्या बाजूला माझ्या डोक्याच्या तेलाचा डागसुद्धा पडला होता.

ही गोष्ट गडहिंग्लजची. मी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तो गुलाबी रंग अजून कुठल्या लग्नात दिसला की माझा हात आपोआप डोक्याकडं जातो.

बोरगावे मॅडम आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. बाई अंगानं काटकुळी, आवाज मऊ, पण नियम एकदम लोखंडी. प्रोग्रॅम लिहून झाला की तो चालवण्याआधी, तो बरोबर असल्याची आपल्याला किती टक्के खात्री आहे, ते मोठ्यानं सांगायचं. साठ म्हणालात आणि चुकलात तर काही नाही, बसा, शोधा. पण शंभर म्हणून चुकलात की फेटा. आणि तो कधी निघणार? चूक सापडल्यावर नव्हे. चूक सापडली, आणि ती करताना आपल्या डोक्यात काय चाललं होतं ते वर्गासमोर उभं राहून सांगितलं, की मग निघणार.

"तुम्हाला प्रोग्रॅम येत नाही याचं मला दुःख नाही," मॅडम म्हणायच्या. "येत नाही हे तुम्हाला कळत नाही, त्याचं दुःख आहे."

आता पोरं काय, गाढवं थोडीच होती! दोन-चार दिवसांत सगळी शहाणी झाली. जो तो पन्नास-साठच्या आसपास बोलायला लागला. कस्तुरी तर पहिल्या दिवसापासून हिशोबी. बटणावर बोट ठेवून ती स्वतःशीच पुटपुटायची, "काय करायचं ठरवलं होतं? काय केलं? काय राहिलं?" आणि मग म्हणायची, "पासष्ट." वर्षभर तिच्या डोक्याला फेटा लागला नाही.

मी मात्र शंभरच्या खाली यायला तयार नव्हतो. त्याला कारण आमचं घराणं. आमच्या बाबांचं मोटरसायकलचं गॅरेज. गिऱ्हाईकाला गाडी देताना बाबा सीटवर थाप मारून म्हणायचे, "शंभर टक्के नीट झाली, काळजीच करू नका!" आणि संध्याकाळी तेच गिऱ्हाईक गाडी ढकलत परत यायचं. बाबा पुन्हा थाप मारायचे, "आता शंभर टक्के!" चौगुल्यांच्या घरात नव्वद टक्के बोलणारा माणूस जन्मालाच आला नव्हता. "मर्दानं बोलायचं तर पुरतं बोलायचं," असं बाबांचं म्हणणं. मी त्यांचाच मुलगा.

तर त्या दिवशी सकाळी मी फेटा घालून चूक शोधत बसलो होतो, आणि मनात धाकधूक होती. कारण दुपारी पुण्याच्या एका कंपनीचे रेगे साहेब येणार होते. वर्गातून एकच मुलगा किंवा मुलगी निवडून नोकरीला नेणार होते. ती नोकरी मला पाहिजे होती. पाहिजे म्हणजे किती? तर नुसतं पुण्याला जायला मिळतं म्हणून नव्हे. नेसरीच्या रस्त्याला माझ्या मामाची पोल्ट्री होती. मामानं निरोप पाठवला होता, भाचा रिकामा असला तर पाठवून द्या. आणि बाबांनी सरळ सांगितलं होतं, "येक तर पुणं, न्हाई तर पोल्ट्री. मधलं काय न्हाई."

मला कोंबड्यांची भीती वाटते. हसू नका. लहानपणी मामाकडं एकीनं माझ्या पोटरीचा असा लचका काढला होता की मी विहिरीच्या कठड्यावर चढून बसलो होतो. आणि तिथं तर हजारोंनी कोंबड्या! एकाच वेळी सगळ्या माना वळवून बघतात.

"दुपारपर्यंत निघेल ना गं फेटा?" मी कस्तुरीला विचारलं.

"चूक कुठं आहे ते कळलं का?"

"शंभर टक्के. ह्या ओळीत."

"काल पण हीच ओळ म्हणत होतास."

मी तिला उत्तर देणार, एवढ्यात दार उघडलं. दारात प्राचार्य हुक्केरी सर, आणि त्यांच्या मागं गॉगल कपाळावर चढवलेले एक गोरेपान गृहस्थ. रेगे साहेब दुपारची वाट न बघता सकाळीच टपकले होते! हुक्केरी सरांच्या एका हातात नारळ होता आणि शाल खांद्यावरून घसरत होती, म्हणजे स्वागताची तयारी अर्धवटच राहिली होती. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा पिठासारखा पांढरा झाला. सबंध वर्ग साधासुधा बसलाय आणि मधोमध एक नवरदेव!

रेगे साहेब मात्र खूश झाले. "वा! हा काय प्रकार आहे?"

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात हुक्केरी सर पुढं झाले. "परंपरा आहे, साहेब! आमच्या इथं... जो विद्यार्थी... म्हणजे विशेष चमक दाखवतो..."

"त्याला फेटा! क्या बात है! कोल्हापूरची माणसं म्हणजे मानसन्मानाला पक्की. काय नाव तुझं?"

"रणधीर चौगुले."

"आणि तुला हा मान किती वेळा मिळालाय?"

मी तोंड उघडायच्या आत मागनं कुणीतरी मोठ्या प्रेमानं ओरडलं, "रोज, साहेब! रोज ह्यालाच असतोय!"

"रोज?" साहेबांचे डोळे चमकले. मग त्यांनी सहज कस्तुरीकडं बघितलं. "आणि तुला?"

"एकदाही नाही," कस्तुरी म्हणाली. खरंच होतं ते.

"असू दे, असू दे. निराश व्हायचं नाही," साहेबांनी तिला धीर दिला. कस्तुरीनं माझ्याकडं असं बघितलं की कोंबडी परवडली. बोरगावे मॅडम पुन्हा काहीतरी बोलायला गेल्या, तर हुक्केरी सरांनी त्यांच्या हातात नारळच दिला.

मला पुढच्या कॉम्प्युटरवर बसवण्यात आलं. त्याचा पडदा भिंतीवर सगळ्यांना दिसायचा. साहेब म्हणाले, "सोपा प्रश्न आहे. वर्गाचे मार्क दिले, तर पहिला नंबर कुणाचा आणि दुसरा कुणाचा, ते सांगणारा प्रोग्रॅम लिही. मी बऱ्याच कॉलेजांत हाच देतो."

मनात म्हटलं, रणधीर, पुणं आलं! मी भराभरा लिहायला लागलो. यादीतलं एकेक पोरगं घ्यायचं. आतापर्यंतच्या पहिल्यापेक्षा त्याला जास्त मार्क असले तर त्याला पहिल्या खुर्चीवर बसवायचं, आणि आधी तिथं बसलेल्याला ढकलून दुसऱ्या खुर्चीवर. यादी संपली की दोन खुर्च्यांवर जे बसलेत त्यांची नावं सांगायची. झालं!

"झालं, साहेब."

"बरोबर चालेल?"

तोंड उघडलं होतं. 'शं' ओठांवर आला होता. आणि का कोण जाणे, डोळ्यांपुढं त्या हजारो माना वळल्या. हा चुकला तर मॅडमचा फेटा नव्हता, थेट पोल्ट्रीच होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या प्रोग्रॅमची भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी तो पहिल्यांदाच परत वाचला. कस्तुरीसारखं पुटपुटलो, "काय करायचं ठरवलं होतं? काय केलं? काय राहिलं?"

आणि आयला, राहिलं होतं की!

"चाळीस टक्के," मी म्हणालो.

मागनं काळजीचा आवाज आला, "रण्या, बरा हायस न्हवं?"

"चाळीसच?" साहेब म्हणाले. "का?"

"साहेब, माझा दुसरा नंबर कोण, तर पहिल्या खुर्चीवरनं ढकललेला. पण समजा सगळ्यात हुशार पोरगं यादीत पहिलंच आलं, तर त्याला ढकलणार कोण? कुणीच नाही. मग दुसरी खुर्ची रिकामीच राहील."

साहेबांनी घसरलेला गॉगल पुन्हा कपाळावर सरकवला आणि भिंतीवरचं माझं लिखाण वरवर वाचलं. "छे रे, उगीच घाबरतोयस. मी स्वतः असाच लिहितो. शंभर टक्के बरोबर आहे हा."

'शंभर' हा शब्द कानावर पडला मात्र, सगळा वर्ग पुढं सरकून बसला.

बोरगावे मॅडमनी नारळ टेबलावर ठेवला. मऊ आवाजात म्हणाल्या, "विचार करून सांगा, साहेब. शंभर?"

"शंभर टक्के, मॅडम! तुमच्याच वर्गाचे मार्क घालून बघा की."

हुक्केरी सरांनी तत्परतेनं मागच्या परीक्षेचे मार्क आणून दिले. आम्ही ते हजेरीच्या क्रमानं भरले. हजेरीत पहिलं नाव आजरेकर. मी बटण दाबलं.

भिंतीवर उमटलं: पहिला नंबर, कस्तुरी आजरेकर. दुसरा नंबर, आणि त्यापुढं नुसतं शून्य.

वर्षभराची सवय, पोरांचा काय दोष? सबंध वर्ग एका आवाजात ओरडला, "फेटाऽऽ! फेटाऽऽ!"

माझेही हात माझ्या ताब्यात राहिले नाहीत. मी फेटा काढला आणि साहेबांच्या डोक्यावर ठेवला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. साहेब लाजून चूर झाले. "अहो, मला कशाला? मी काय केलंय?"

"स्वीकारा, साहेब, स्वीकारा," हुक्केरी सर हात जोडून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, ते कशाचं ते त्यांनाच ठाऊक.

साहेबांनी फेटा नीट केला, शेमला मागं सोडला, आजरेकर कोण ते विचारून घेतलं आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "चुकला खरा. ह्या मुलानं अगदी जागा दाखवून सांगितलं होतं. पण मग पहिला नंबर ह्या मुलीचा दिसतोय. तरी हिला कधी फेटा नाही?"

"मुलींना जड होतो, साहेब," हुक्केरी सरांनी ठोकून दिलं.

"हं. तर माझा निर्णय झालाय." साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रोज मान मिळवणारा मुलगा, आणि तरी स्वतःच्या कामावर शंका घेतो! असं पोरगं मी आजवर बघितलं नाही. रणधीर, पुण्याला यायची तयारी कर."

पुणं! माझ्या पोटातल्या सगळ्या कोंबड्या एका दमात उडाल्या. हुक्केरी सर टाळ्या वाजवायला लागले. मॅडम मात्र वाजवत नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या, रागानं नव्हे, रोज बघायच्या तशाच. 'किती टक्के?' असं विचारल्यासारखं. आणि कस्तुरी खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत होती. वर्षभर माझ्या शेजारी बसून ती प्रत्येक गोष्ट दोनदा तपासत आली, म्हणून तिच्या डोक्यावर फेटा नाही. आणि फेटा नाही म्हणून ती ढ! मला फार वाईट वाटलं. स्वतःचाच राग आला. आणि त्याहून वाईट म्हणजे, खोटं बोलल्याशिवाय पुण्याला जायची वाट दिसेना.

"साहेब," मी म्हणालो, "फेटा हुशारीचा नसतो."

"म्हणजे?"

"शंभर टक्के म्हणून जो तोंडावर आपटतो, त्याला घालतात. शिक्षा आहे ती. मी वर्षभर रोज आपटलोय. चाळीस आज पहिल्यांदाच म्हणालो, ते पण हिचं बघून बघून."

"त्याला ऊन लागलंय, साहेब," हुक्केरी सर घाईघाईनं म्हणाले. "सकाळपासनं बडबडतोय."

रेगे साहेबांचा हात हळूहळू वर गेला आणि फेट्याला लागला. आधी कान लाल झाले, मग नाक. "म्हणजे आत्ता हा... मला..."

कुणाची हसायची हिंमत नव्हती. बोरगावे मॅडम शांतपणे म्हणाल्या, "विचार करून सांगा म्हणाले होते मी, साहेब. नियम सगळ्यांना एकच आहे."

हुक्केरी सर मटकन खुर्चीत बसले.

साहेबांनी शेमला पुढं ओढून एकदा नीट बघितला. मग त्यांनी विचारलं, "काढायचा कसा?"

"चूक कुठं झाली ते रणधीरनं सांगितलंच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, तेवढं सांगा."

वाटलं, आता हा माणूस फेटा फेकून चालता होणार. पण ते माझ्या जागेवर बसले. भिंतीवरचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "काहीच चाललं नव्हतं. मला येतं असं मला वाटलं, म्हणून मी नीट बघितलंच नाही. कितीतरी कॉलेजांत हा प्रश्न दिला. किती पोरांना बरोबर म्हणून सांगितलं असेल, देव जाणे."

मॅडमनी स्वतः त्यांच्या डोक्यावरचा फेटा उतरवला. या वेळच्या टाळ्या मात्र खऱ्या होत्या.

साहेब उठून कस्तुरीपाशी गेले. "तू येशील का पुण्याला?"

कस्तुरीनं जरा वेळ पुटपुटून बघितलं. "पासष्ट टक्के, साहेब."

"पासष्ट? अगं नोकरी देतोय मी! उरलेले पस्तीस कुठं गेले?"

"वीस आईला विचारायचे आहेत. दहा, राहायची सोय काय ते माहीत नाही म्हणून. आणि पाच..." ती अडखळली. "साहेब, काम नक्की काय असणार, ते तुम्ही अजून सांगितलंच नाही."

साहेब हसत सुटले. इतके हसले की गॉगल कपाळावरून खाली पडला. "ये बाई, ये. मला पासष्ट पुरेत."

पोरांनी बाकं बडवली. कस्तुरी जाताना माझ्याजवळ थांबली. माझ्या पाठीत एक गुद्दा मारून गेली. चांगला सणसणीत होता.

मी घरी निघालो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. पाय उचलत नव्हते. कारण बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, पोरगा पुण्याला चाललाय, शंभर टक्के. मी गॅरेजमध्ये शिरलो तर ते एका गाडीचं चाक काढून बसले होते.

"काय रं? मिळालं पुणं?"

"नाही."

"न्हाई? तू तर शंभर टक्के म्हणालावतास."

"मिळालं होतं. पण ते खोट्यावर मिळालं होतं. मी खरं सांगितलं, मग कस्तुरीला मिळालं."

मला वाटलं, आता पाना येतोय अंगावर. पण बाबांनी फक्त चाक खाली ठेवलं. फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "असली नोकरी परत येईल का?"

सवयीनं 'शं' आलाच होता तोंडात. मी तो गिळला.

"माहीत नाही, बाबा."

आमच्या घरात हे दोन शब्द त्याआधी कुणी उच्चारले असतील असं मला वाटत नाही. आई भाजीची पळी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. पोराला काय झालं ते बघायला आली असावी. बाबांनी तिला मानेनंच आत जायला सांगितलं.

"बरं, पोल्ट्रीत जमंल का मग?"

"ते पण माहीत नाही," मी म्हणालो, आणि डोळ्यांत पाणीच आलं. "मला कोंबड्यांची भीती वाटते, बाबा. लहानपणापासून. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

बाबा उठले. आई आत गेलीय का ते वाकून बघितलं. मग बाकड्यावर सरकून मला जागा केली. मी बसलो. रस्त्यावरनं कुणीतरी गाडी ढकलत आमच्याच दिशेनं येत होतं, पण बाबांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"तुझ्या मामानं पयल्यांदा मलाच बोलावलंतं," ते हळू आवाजात म्हणाले. "भागीदारीत. सोन्यासारखा धंदा होता. मी सगळ्यास्नी सांगितलं, गॅरेज सोडवत न्हाई म्हणून."

त्यांनी पुन्हा एकदा दाराकडं बघितलं.

"लई टोचत्यात रं त्या," बाबा म्हणाले.